उपकंपनीची विक्री आणि सट्ट्याचे अर्थकारण

भांडवली बाजारात एका विशिष्ट प्रकारची वार्ता पुन्हा पुन्हा उठत असते. अमुक एक दूरसंचार कंपनी इंटरनेटवरून दूरध्वनी-संभाषणाची सेवा पुरविणारी आपली उपकंपनी लवकरच विकणार आहे, अशी ती वार्ता असते. ती खरी ठरो वा खोटी, ज्या दिवशी ती उठते त्या दिवशी मूळ कंपनीच्या शेअरचा भाव चढतो. त्या दिवशी कंपनीने एकही नवा ग्राहक जोडलेला नसतो, एकही नवे यंत्र बसविलेले नसते, तिच्या कामगारांनी आदल्या दिवसापेक्षा एक तासही अधिक श्रम केलेले नसतात. तरीसुद्धा सायंकाळी बाजार बंद होताना काही कोटी डॉलरांची किंवा रुपयांची 'संपत्ती' निर्माण झाली, असे वृत्तपत्रांचे अर्थविषयक रकाने आपल्याला सांगतात. ही संपत्ती आली कोठून, आणि वार्ता विरल्यावर ती गेली कोणाच्या खिशात, हा प्रश्न केवळ शेअर-दलालांचा आहे असे समजून समाजवादी कार्यकर्ते त्याच्याकडे पाठ फिरवितात. तसे करणे योग्य नाही. ज्या विचारपद्धतीने अमेरिकेतील एका खासगी कंपनीची उपकंपनी विकाऊ ठरते, तीच विचारपद्धती आपल्याकडे सार्वजनिक उद्योगांच्या बाबतीत 'निर्गुंतवणूक' हे सभ्य नाव धारण करून वावरत असते.

नेट-टू-फोनची कहाणी

या प्रश्नाचा विचार हवेत करण्याऐवजी एक प्रत्यक्ष उदाहरण घेणे इष्ट होईल. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील आयडीटी ही दूरसंचार कंपनी १९९० साली सुरू झाली. तिचा आरंभीचा धंदा फार बोलका होता. त्या काळी परदेशातून अमेरिकेस दूरध्वनी करणे अतिशय महाग होते. उलट अमेरिकेतून परदेशास केलेला दूरध्वनी बराच स्वस्त पडे. या कंपनीच्या परदेशी ग्राहकाने अमेरिकेतील एका क्रमांकावर घंटा वाजवून दूरध्वनी ठेवून द्यावयाचा, मग तेथील यंत्राने त्याला उलट दूरध्वनी करावयाचा आणि अमेरिकन दरात पुढचे संभाषण घडवून आणावयाचे, अशी ती व्यवस्था होती. दोन देशांच्या दरांतील तफावत हेच या धंद्याचे भांडवल होते.

याच तफावतीवर १९९६ साली तिने पुढचे पाऊल टाकले. संगणकावरून बोललेला आवाज लहान लहान तुकड्यांत इंटरनेटवरून पाठवायचा आणि दुसऱ्या टोकाला तो सर्वसामान्य दूरध्वनी-जाळ्यात उतरवायचा, अशी ही सेवा होती. तिचे नाव नेट-टू-फोन. आंतरराष्ट्रीय दूरध्वनीच्या जुन्या व्यवस्थेत एका देशातील कंपनी दुसऱ्या देशातील कंपनीला दर मिनिटामागे ठरावीक रक्कम देत असे. इंटरनेटवरून गेलेल्या आवाजाला हा जकात-नाका लागत नसे. जुलै १९९९ मध्ये या उपकंपनीचे शेअर प्रत्येकी १५ डॉलर दराने बाजारात विक्रीस आले. त्यानंतरच्या महिन्यांत बाजारात एकच चर्चा होती : आयडीटी ही उपकंपनी कोणाला विकणार, केव्हा आणि काय भावाने?

या चर्चेला उत्तर मिळाले ते ३१ मार्च २००० रोजी. एटी अँड टी या जगड्व्याळ कंपनीने नेट-टू-फोनचा सुमारे ३२ टक्के हिस्सा आणि ३९ टक्के मते सुमारे १४० कोटी डॉलरांना घेण्याचे जाहीर केले. दर होता शेअरमागे ७५ डॉलर. त्यांतील सुमारे ४० लाख शेअर नवीन होते, म्हणजे ३० कोटी डॉलर तरी प्रत्यक्ष उपकंपनीच्या तिजोरीत जमा होणार होते. उरलेले सुमारे १ कोटी ४९ लाख शेअर मात्र मूळ कंपनीच्या हातांतून एटी अँड टीच्या हातांत गेले आणि त्यांचे सुमारे ११२ कोटी डॉलर मूळ कंपनीस मिळाले. अमेरिकेतील नॅसडॅक बाजाराचा निर्देशांक त्या आधी तीनच आठवडे, १० मार्च रोजी, आपल्या शिखरावर पोहोचून खाली घसरू लागला होता, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावयास हवी.

पुढे काय झाले? एटी अँड टीने त्याच वर्षी स्वतःचेच तुकडे करण्याची योजना जाहीर केली. २००१ साली नेट-टू-फोनचे नियंत्रण आयडीटीच्या पुढाकाराखालील एका गटाकडे परत आले. २००६ च्या प्रारंभी मूळ कंपनीने उर्वरित भागधारकांचे शेअर विकत घेऊन उपकंपनी पुन्हा पूर्णपणे आपल्या पोटात घेतली, तेव्हा दर होता शेअरमागे सुमारे २ डॉलर. गणित सोपे आहे. जे १ कोटी ४९ लाख शेअर २००० साली सुमारे ११२ कोटी डॉलरांना विकले गेले, तेवढ्याच शेअरांची किंमत या दराने सुमारे ३ कोटी डॉलर भरते. सहा वर्षांत सेवा बंद पडली नव्हती, तंत्र विसरले गेले नव्हते. उलट इंटरनेटवरून बोलणाऱ्यांची संख्या जगभर कैक पटींनी वाढली होती. उपयुक्तता वाढत होती आणि 'मूल्य' मात्र वितळून गेले होते.

हे मूल्य कसले?

या कोड्याचे उत्तर अर्थशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत सापडते. मार्क्सने 'भांडवल' ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात खऱ्या भांडवलापासून वेगळ्या अशा आभासी भांडवलाचे विवेचन केले आहे. कारखान्यातील यंत्र हे भांडवल झाले. त्या यंत्रापासून भविष्यात मिळेल असे वाटणाऱ्या उत्पन्नावरील हक्काचा कागद हे दुसरे. कागदाची किंमत यंत्राच्या किमतीपासून सुटून स्वतंत्रपणे चढू-उतरू लागते. १९१० साली हिल्फर्डिंगने 'वित्त भांडवला'वरील आपल्या ग्रंथात प्रवर्तकाच्या नफ्याची संकल्पना मांडली. उद्योग चालवून मिळणारा नफा वेगळा आणि उद्योगाचे शेअर बाजारात आणून, अपेक्षित उत्पन्नाची एकरकमी किंमत आजच वसूल करून मिळणारा नफा वेगळा. नेट-टू-फोनच्या व्यवहारात मूळ कंपनीला मिळालेले शंभर कोटींहून अधिक डॉलर हे या दुसऱ्या जातीचे होते. जो कॉल अजून कोणी केलेलाच नव्हता, त्याचे पैसे ती आधीच घेऊन मोकळी झाली होती.

मार्क्सला न मानणाऱ्यांसाठी केन्सची साक्ष काढता येईल. १९३६ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्याने शेअर बाजाराला वृत्तपत्रांतील सौंदर्य-स्पर्धेची उपमा दिली आहे. अशा स्पर्धेत आपल्याला सुंदर वाटणारा चेहरा निवडून बक्षीस मिळत नाही. बहुसंख्य स्पर्धकांना कोणता चेहरा सुंदर वाटेल, याचा अंदाज बांधावा लागतो. उपकंपनीच्या विक्रीच्या वार्तेवर शेअर घेणारा मनुष्य ही सेवा चांगली आहे काय, ती कोणाच्या गरजेची आहे काय, असे विचारीत नाही. उद्या दुसरा कोणी अधिक भाव देईल काय, एवढेच तो विचारतो.

हा अंदाजाचा खेळ कोणत्या थरास जाऊ शकतो, याचे प्रमाण त्याच मार्च २००० मध्ये मिळाले. थ्रीकॉम या कंपनीने हातात मावणारे संगणक बनविणाऱ्या पाम या आपल्या उपकंपनीचे सुमारे ५ टक्के शेअर २ मार्च रोजी बाजारात आणले. उरलेले शेअर पुढे थ्रीकॉमच्याच भागधारकांना एकास सुमारे दीड या प्रमाणात वाटले जाणार होते. पहिल्या दिवसाअखेर पामचा भाव ९५ डॉलर आणि थ्रीकॉमचा मात्र ८२ डॉलरांहूनही कमी! ज्या शेअरबरोबर सुमारे १४२ डॉलरांचा माल मिळायचा होता, तो शेअर ८२ डॉलरांना विकत होता. म्हणजे थ्रीकॉमचा स्वतःचा सारा धंदा, तिची रोकड, तिचे कामगार यांची किंमत बाजाराने शून्याच्याही खाली ठरविली. बाजाराइतके शहाणपण कोणत्याही नियोजन मंडळाजवळ असू शकत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी या एका दिवसाचे स्पष्टीकरण अवश्य द्यावे.

इंटरनेट-दूरध्वनीच्या बाबतीत तर फसगत अधिकच खोल होती. ज्या तफावतीवर नफा उभा होता, ती तफावत ही कंपनी स्वतःच आपल्या स्वस्त सेवेने बुजवीत होती. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने १९९७ सालीच आंतरराष्ट्रीय कॉलसाठी अमेरिकन कंपन्यांनी परदेशी कंपन्यांना द्यावयाच्या रकमेवर मिनिटामागे १५, १९ आणि २३ सेंट अशी, देशांच्या उत्पन्नगटानुसार, मर्यादा घालून दिली होती. दर कोसळणार हे उघड होते. दर कोसळल्यावर ग्राहकाचा लाभ होतो, परंतु दरांच्या फरकावर जगणाऱ्याचा नफा संपतो. ७५ डॉलर देणाऱ्याने वितळत्या बर्फाची किंमत मोजली होती.

पडीक जमिनीचा न्याय

या कहाणीचे एक उपकथानक आहे, आणि ते आपल्याला अधिक जवळचे वाटावे. विक्रीतून हाती आलेल्या रोकडीच्या बळावर आयडीटीने डिसेंबर २००१ मध्ये विन्स्टार नावाच्या दिवाळखोर दूरसंचार कंपनीची मालमत्ता सुमारे ४ कोटी २५ लाख डॉलरांना विकत घेतली. त्या मालमत्तेबरोबर रेडिओलहरींच्या वापराचे परवानेही आले. लहरी ही अमेरिकन जनतेची मालमत्ता. कंपनीकडे होता तो फक्त वापराचा परवाना, तोही सेवा पुरविण्याच्या अटीवर. २०१३ साली हे परवाने स्ट्रेट पाथ या नावाच्या वेगळ्या कंपनीत काढून ठेवण्यात आले आणि २०१८ साली ती कंपनी व्हेरायझनने सुमारे ३१० कोटी डॉलरांना घेतली. परवान्यांच्या अटींप्रमाणे लहरींचा वापर झालेला नव्हता, म्हणून सरकारी आयोगाने २०१७ साली दंड बसविला आणि विक्रीच्या रकमेतील २० टक्के वाटा सरकारजमा करण्याची अट घातली. उरलेले ८० टक्के भागधारकांचे! गावच्या गायरानावर कुंपण घालून ते वर्षानुवर्षे पडीक ठेवावयाचे आणि रस्ता आला की कुंपणासकट विकावयाचे, हा व्यवहार आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

श्रम करणाऱ्याचा वाटा

उपकंपनी विकली जाते तेव्हा ती ज्यांनी उभारली त्यांना काय मिळते? याचे उत्तर स्काइपच्या इतिहासात आहे. २००३ साली सुरू झालेल्या या सेवेचे तंत्र मुख्यतः एस्टोनिया या छोट्या देशातील तंत्रज्ञांनी घडविले. २००५ साली ईबेने ती सुमारे २६० कोटी डॉलरांना घेतली. दोनच वर्षांत सुमारे १४० कोटी डॉलरांचा बोजा तिला हिशेबात दाखवावा लागला. २००९ साली सिल्व्हर लेक या गुंतवणूक-संस्थेच्या नेतृत्वाखालील गटाने २७५ कोटी डॉलर मूल्य धरून बहुसंख्य हिस्सा विकत घेतला आणि दीड वर्षात, मे २०११ मध्ये, मायक्रोसॉफ्टने ८५० कोटी डॉलर देऊन संपूर्ण कंपनी घेण्याचे जाहीर केले. दीड वर्षात मूल्य तिप्पट!

त्यानंतरच्याच महिन्यात एक गोष्ट उघडकीस आली. कर्मचाऱ्यांना पगाराबरोबर शेअर घेण्याचे जे हक्क दिले होते, त्यांच्या करारात अशी तरतूद होती की, विक्री पुरी होण्यापूर्वी नोकरी सोडणाऱ्याचे हक्क, ते त्याने सेवा करून पुरते मिळविलेले असले तरीही, कंपनी मूळ किमतीस परत घेऊ शकेल. म्हणजे चढलेल्या भावातील त्याचा वाटा शून्य. त्याच सुमारास काही वरिष्ठ अधिकाऱ्यांनाही कामावरून दूर करण्यात आले. 'कर्मचारी हाही भागधारक झाला, आता वर्गसंघर्ष संपला' असे सांगणाऱ्यांनी ही तरतूद वाचावयास हवी. आणि ज्या सेवेसाठी ८५० कोटी डॉलर मोजले गेले, ती मायक्रोसॉफ्टने ५ मे २०२५ रोजी बंद केली. ती बंद करावी की न करावी, याबाबत वर्षानुवर्षे ती वापरणाऱ्या कोट्यवधी लोकांना कोणी विचारले नाही.

दुसरी बाजू

येथे एका आक्षेपाचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. सट्टेबाजांनी पैसे बुडविले असतील, पण त्या पैशांतून स्वस्त संभाषणाचे तंत्र जगाला मिळाले ना, असे म्हटले जाते. यात तथ्य आहे. जुनी मक्तेदारी काही लोककल्याणासाठी दर चढे ठेवीत नव्हती. आखातात राबणाऱ्या रत्नागिरी-रायगडच्या कामगाराला घरी चार शब्द बोलण्यासाठी जो भुर्दंड पडे, त्याचे समर्थन कोणत्याही समाजवाद्याला करता येणार नाही. संयुक्त अरब अमिरातींसारख्या देशाने स्थानिक दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नासाठी इंटरनेट-संभाषणावर वर्षानुवर्षे बंधने घातली. आपल्याकडेही १९९८ च्या इंटरनेट परवान्यांच्या अटींत या सेवेस मनाई होती. १ एप्रिल २००२ पासून तिला मर्यादित मोकळीक मिळाली. सरकारी मालकी म्हणजे आपोआप जनतेची मालकी नव्हे, हा धडा यातून घेतलाच पाहिजे.

परंतु आक्षेप तेवढ्यावरच थांबतो. ज्या इंटरनेटवरून हे सारे घडले, त्याचा पाया अमेरिकन सरकारच्या पैशावर आणि विद्यापीठांतील संशोधनावर घातला गेला, तो सट्टेबाजांच्या पैशावर नव्हे. शिवाय एका हातातून दुसऱ्या हातात गेलेल्या शेअरच्या पैशाने नवे तंत्र निर्माण होत नाही. १४० कोटी डॉलरांपैकी उपकंपनीच्या वाट्याला आले ३० कोटी, ही संख्या पुन्हा पाहावी. तंत्र स्वस्त झाले म्हणून सट्टा उपकारक ठरत नाही. पाऊस पडला म्हणून सावकार उपकारक ठरत नाही, तसेच हे आहे.

विदेश संचार निगमाचा धडा

आता घरच्या गोष्टीकडे वळू. मुंबईत मुख्यालय असलेला विदेश संचार निगम १ एप्रिल १९८६ रोजी केंद्र सरकारच्या मालकीची कंपनी म्हणून स्थापन झाला. देशात सर्वसामान्य ग्राहकास इंटरनेट मिळाले ते याच सार्वजनिक कंपनीकडून, १५ ऑगस्ट १९९५ रोजी. आंतरराष्ट्रीय दूरध्वनीवरील तिची मक्तेदारी २००२ च्या मार्चअखेर संपावयाची होती. त्याच्या आधी काही आठवडे, फेब्रुवारी २००२ मध्ये, सरकारने २५ टक्के हिस्सा व्यवस्थापनासह टाटा समूहाला १,४३९ कोटी रुपयांना विकला. मे महिन्यात निगमाच्या संचालक मंडळाने टाटा समूहाच्याच टाटा टेलिसर्व्हिसेस या कंपनीत १,२०० कोटी रुपये गुंतविण्याचा निर्णय घेतला. तेव्हाच्या दळणवळण मंत्र्यांनीसुद्धा या निर्णयाबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली होती. निर्णय कायद्याच्या चौकटीत होता की नव्हता, हा प्रश्न वेगळा. जनतेच्या घामाने साठलेल्या रोकडीची दिशा ठरविण्याचा अधिकार चौथाई हिश्श्याबरोबर गेला, हा खरा मुद्दा आहे.

जमिनीची कथा तशीच आहे. निगमाच्या ताब्यात पुण्याजवळील दिघी येथील मोठ्या जमिनीसह चार शहरांत मिळून ७७३ एकर अतिरिक्त जमीन होती. ती विक्रीतून वगळून वेगळी काढावयाची, असे ठरले होते. प्रत्यक्षात ती वेगळ्या सरकारी कंपनीकडे जाण्यास २०१९ साल उजाडले. आधी विक्री आणि मागाहून जमिनीचा हिशेब, हा क्रमच मुळात उलटा होता. २०२१ साली सरकारने आपला उरलेला सुमारे २६ टक्के हिस्साही विकून टाकला.

भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम यांच्या बाबतीत काय झाले, हे मुंबईच्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. २०१९-२० च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत या दोन्ही कंपन्यांचे मिळून ९० हजारांहून अधिक कर्मचारी बाहेर पडले. अशा संस्थेबद्दल 'मनोरे वेगळे काढा, जमिनी वेगळ्या काढा, मग प्रत्येक तुकड्याचे मूल्य खुले होईल' असा सल्ला दिला जातो. हा सल्ला आणि न्यूयॉर्कच्या बाजारातील उपकंपनी-विक्रीची वार्ता ही एकाच शाळेत शिकलेली भावंडे आहेत. दोन्हींत गृहीत एकच : संस्था म्हणजे माणसांनी परस्परांच्या सहकार्याने चालविलेले काम नव्हे, तर सुटे करून विकावयाच्या भागांची मोळी.

आपण काय मागावे?

केवळ निषेधाचे ठराव करून भागणार नाही. पुढील मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. पहिली, कोणतीही कंपनी उपकंपनी विकण्याचा विचार करीत असेल, तर त्याची माहिती बाजाराला मिळण्यापूर्वी कामगार संघटनांना मिळाली पाहिजे आणि सेवाशर्ती, निवृत्तिवेतन व मिळविलेले शेअर-हक्क अबाधित राहतील असे लेखी बंधन विकत घेणाऱ्यावर असले पाहिजे. दुसरी, लहरी, जमीन, समुद्राखालील तारांची जागा यांसारखी जी साधने समाजाने वापरासाठी दिली आहेत, त्यांच्या चढलेल्या किमतीवर पहिला हक्क समाजाचा राहिला पाहिजे. न वापरलेला परवाना विक्रीयोग्य न ठरता परत गेला पाहिजे. तिसरी, सार्वजनिक कंपनीचा हिस्सा विकण्याआधी तिच्या जमिनीचा आणि रोकडीचा हिशेब संसदेपुढे ठेवून तो पुरा झाला पाहिजे. चौथी, दूरसंचार ही पाण्यासारखीच जीवनावश्यक सेवा आहे. ती बंद करताना ग्राहकांची शिल्लक रक्कम, क्रमांक आणि संभाषणांचा संग्रह सुरक्षितपणे हाती देण्याची जबाबदारी मालकावर असली पाहिजे.

या मागण्यांपैकी एकीसाठीही क्रांतीची वाट पाहण्याची गरज नाही. चारही आजच्या कायद्यांत दुरुस्ती करून अमलात आणता येतील. गरज आहे ती कामगार संघटना आणि ग्राहक संघटना यांनी एकत्र बसण्याची. आजवर एकीने नोकऱ्यांचा आणि दुसरीने दरांचा प्रश्न वेगवेगळा लढविला, आणि दोघींच्या मधून मालमत्ता निसटून गेली. पुढच्या वेळी एखादी उपकंपनी, एखादा विभाग किंवा एखादा भूखंड 'विकला जाणार' अशी वार्ता आली की, भाव किती चढला हे विचारणारे पुष्कळ भेटतील. कार्यकर्त्यांनी त्या कार्यालयाच्या दारात जाऊन तेथे काम करणाऱ्यांना आणि तेथील सेवा घेणाऱ्यांना विचारावे की, तुम्हाला हे कोणी कळविले काय? त्या उत्तरांतूनच पुढच्या लढ्याची टिपणे तयार होतील.